उकळून गाळलेलं पाणी

माझ्या दोन किडन्यांपैकी एक माझ्या धाकट्या भावाच्या पोटात आहे. त्यामुळे तो काय खातो, काय पितो यात नाक खुपसायचा मला पूर्ण अधिकार आहे, असं माझं मत आहे. त्याचं तसं मत नाही. "दिलेली वस्तू परत मागायची नसते, ताई," असं तो म्हणतो, आणि मी म्हणते, "परत कोण मागतंय? नीट वापर, एवढंच सांगतेय." ऑपरेशनला दोन वर्षं झाली तरी आमचं हे भांडण अजून ताजं आहे.

घरात आम्ही तिघंच. मी तंबू आणि पाठीवरच्या सॅक शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये मशीनवर बसते. धाकटा घरीच कानाला हेडफोन लावून लोकांची रेकॉर्डिंग ऐकतो आणि टाइप करतो. आणि आई पाणी बघते. हे मी थट्टेनं म्हणत नाही. दुसऱ्याची किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून धाकट्याला जन्मभर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. जे पाणी आपण घटाघटा पितो आणि विसरून जातो, ते त्याला आडवं करू शकतं. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना आईलाच समोर बसवून सांगितलं होतं, की पाणी भरपूर द्यायचं, पण उकळलेलंच.

आईनं ते व्रतासारखं धरलं. नळाचं पाणी आधी गाळायचं, मग मोठ्या पातेल्यात खळखळून उकळायचं, झाकण ठेवून निववायचं आणि तोटी असलेल्या स्टीलच्या पिंपात ओतायचं. त्या पिंपात कुणी पेला बुडवायचा नाही. तळाशी उरलेल्या जुन्या पाण्यावर नवं ओतायचं नाही. पिंप रिकामं झालं की घासून, उकळत्या पाण्यानं विसळून खिडकीतल्या उन्हात पालथं. मला एकदा घाईत पिंपाचं झाकण जमिनीवर ठेवताना तिनं पकडलं, तेव्हा माझी अशी काही हजेरी घेतली की वय विसरून मी सॉरी म्हणाले.

तिच्या या वेडामागचं कारण आम्हाला ठाऊक होतं. बाबांना हेच दुखणं होतं, पण त्यांच्या वेळी किडनी मिळाली नाही. ते डायलिसिसवर होते आणि तशा माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं, कारण शरीरातून ते बाहेरच पडत नाही. बाबांचा पेला आईच्या ताब्यात असायचा. ते पाणी मागायचे आणि ती "आता नाही" म्हणायची. मी संध्याकाळी कामावरून आले की दारातच तिला विचारायचे, "किती झालं आज?" आणि कमी झालं असेल तर आम्हाला हायसं वाटायचं. शेवटी शेवटी बाबा मागायचेही थांबले. नुसते पेल्याकडे बघायचे.

म्हणून धाकट्याला नवी किडनी मिळाल्यावर आईचं पाणी द्यायचं सुख काय वर्णावं! तो काम करत असला की मागून हळूच पेला पुढे यायचा. "किती प्यायलास रे आज?" हा प्रश्न आमच्या घरात पुन्हा सुरू झाला होता, पण आता उत्तर जितकं मोठं तितकी आई खूश.

या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या टाकीत बोअरिंगचं पाणी मिसळायला लागलं. ते पाणी उकळलं की पातेल्याच्या कडेला पांढरा थर धरायचा आणि पेल्यात बारीक पांढरा चुरा तरंगायचा. धाकटा एकदा पेला उजेडात धरून म्हणाला, "आई, पाण्यात कोंडा पडलाय." मी म्हटलं, "क्षार आहेत रे, राजपुत्रा, मरत नाहीस." आई म्हणाली, "बघते मी." आणि चारआठ दिवसांत पाणी पुन्हा काचेसारखं नितळ झालं. आईनं काय केलं हे विचारायचं मला सुचलं नाही. दिवसभर मी वर्कशॉपमध्ये असते आणि स्वयंपाकघरात आई म्हणेल ती पूर्व दिशा.

त्याच सुमारास आमच्या घरात शिट्टी आली. हे नाव धाकट्यानं ठेवलेलं. ती एका शाळेत खेळ शिकवते, गळ्यात कायम शिट्टी असते आणि सुट्टीत मुलांना घेऊन डोंगरात तंबू ठोकून राहते. शाळेचे फाटके तंबू घेऊन ती आमच्या वर्कशॉपमध्ये यायची. एकदा धाकटा माझा विसरलेला डबा द्यायला आला होता. शिट्टीनं जमिनीवर तंबू पसरून झिप कुठे उसवली ते मला दाखवायला घेतलं आणि धाकटा डबा हातात धरून उभाच राहिला. पुढच्या महिन्यात मी डबा विसरले नाही तरी तो रोज यायला लागला. एवढं कळायला मी काही दुधखुळी नाही.

मला ती आवडत होती. पण तिनं त्याला चार दिवस डोंगरात न्यायचं काढलं आणि माझं डोकं फिरलं. डोंगरात नळ नाही. ओढ्याचं पाणी. वर कुठे मेलेलं जनावर पडलेलं असेल, कोण बघायला गेलंय!

शिट्टी घरी आली आणि तिनं सगळं सामान आमच्या बैठकीच्या खोलीत मांडून दाखवलं. "ही लाल पट्टीची पिशवी मळक्या पाण्याची, ताई. ओढ्यात फक्त हीच बुडणार. ही निळी स्वच्छ पाण्याची. मध्ये हा फिल्टर. दोन पिशव्यांची बुचंसुद्धा मी एकमेकांना लागू देत नाही. आणि गाळलं तरी याच्यासाठी मी वरून उकळणारच आहे."

"गाळलंय तर उकळायचं कशाला?" मी वकिलासारखं विचारलं.

"कारण फिल्टर आतून फुटला तर बाहेरून दिसत नाही. थंडीत त्यातलं पाणी गोठलं की बारीक नळ्या तडकतात. म्हणून झोपताना मी तो माझ्या पांघरुणात घेते. पण शेवटची गोष्ट उकळणं. उकळल्यावर पाण्याला काही लावायचं नाही, त्यात काही घालायचं नाही. सरळ स्वच्छ बाटलीत."

धाकटा म्हणाला, "बघ ताई, माझ्याऐवजी फिल्टरला पांघरुणात घेते." मी हसले नाही. पण मला हरकत घ्यायला जागाही राहिली नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. निघायच्या दिवशी तिनं वाटेसाठी म्हणून त्याची मोठी बाटली भरून शिट्टीच्या हातात दिली.

धाकटा परत आला तो काळवंडून, नाक सोललेला आणि कधी नव्हे इतका बडबडा. आठवडाभर त्याचं डोंगरपुराण चाललं होतं. आणि मग त्याला जुलाब सुरू झाले. आधी आम्ही नेहमीचं समजलो. दुसऱ्या दिवशी तो न्हाणीघराच्या दारात भिंतीला धरून खाली बसला आणि त्याचे ओठ पांढरे पडले, तेव्हा मी रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पाण्यातून जाणारा जंतू आहे. निरोगी माणसाच्या पोटात आला आणि गेला तरी कळत नाही, पण याच्या पोटात ठाण मांडून बसलाय. अंगातलं पाणी संपल्यामुळे किडनीवर ताण आलाय. "बाहेरचं पाणी कुठे प्यायला होता का?" त्यांनी विचारलं. मला आणखी काय हवं होतं!

शिट्टी धावत आली, शाळेतून तशीच, बुटांना मैदानाची माती. मी आणि आई वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी उठले आणि तिला त्या लांबलचक पॅसेजमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, वाटेल ते बोलले. "हौस तुझी झाली, किडनी माझी गेली," असंही बोलले. आई बाकावर बसून मान हलवत होती. "दोन वर्षं जपलं गं मी त्याला," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

शिट्टीनं आईकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "हो ताई. माझंच चुकलं." आणि वळून निघून गेली. मला वाटलं, चला, निदान कबूल तरी केलं. त्यानंतर शाळेचे तंबू यायचे ते शिपायाच्या हातून.

धाकटा बरा होऊन घरी आला. खांदे उतरलेले, बोलणं कमी झालेलं. शिट्टीचं नाव मी काढू देत नव्हते. आईनं दुप्पट जोमानं पाणी पाजायला घेतलं, आणि तो निमूटपणे पीत होता. पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग एका सकाळी तो पुन्हा न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी दाराबाहेर उभी होते. आतून ओकारीचा आवाज येत होता.

तोच जंतू निघाला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला केबिनमध्ये घेतलं. "किडनीचं थोडं नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. उरलीय ती टिकेल. पण तिसऱ्यांदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. या वेळी तर तो कुठे गेलाही नव्हता ना? मग घरात शोधा."

घरात काय शोधायचं? घरात तर आई होती.

दुपारी मी त्याचे कपडे न्यायला घरी आले. एरवी त्या वेळी मी कधीच घरी नसते. आई ओट्यापाशी होती. उकळून निवलेलं पातेलं समोर, पिंपाचं झाकण काढलेलं. तिनं नळावर लटकवलेलं पांढरं फडकं काढलं, नळाखाली धरून ओलं केलं, पिळलं आणि पिंपाच्या तोंडावर पसरून त्यातून पाणी ओतायला लागली. पांढरा चुरा फडक्यावर साचत होता आणि खाली नितळ पाणी पडत होतं. ओतून झाल्यावर तिनं फडक्याची चारी टोकं उचलली आणि आत राहिलेलं पाणी हातानं पिंपात पिळलं.

फडकं माझ्याच वर्कशॉपमधलं होतं, अस्तराच्या कापडाचा तुकडा. पुसायला म्हणून मीच आणलेला.

"आई, हे कधीपासून करतेस?"

"अगं, तो कोंडा म्हणाला ना, तेव्हापासून. आता बघ, एक कण दिसतो का?" तिचा चेहरा काय फुलला होता! "कोरडं लावलं तर फडकंच अर्धं पाणी पितं, म्हणून ओलं करून घ्यायचं."

उकळून मारलेलं सगळं ती त्या ओल्या फडक्यातून परत पाण्यात सोडत होती, रोज, दिवसातून दोनदा, आणि वर मायेनं पिळत होती. मला ओरडायचं होतं. पण तिनं बाटली भरून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तिथलं पाणी नको देऊ हं त्याला." मी कपडे आणि बाटली पिशवीत भरून निघाले. हॉस्पिटलात जाऊन मी ती बाटली बेसिनमध्ये रिकामी केली आणि खालच्या दुकानातून सीलबंद बाटली घेऊन वॉर्डात गेले.

धाकटा उशीला टेकून बसला होता, हाताला सलाइन. त्यानं माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कळलं तुला," तो म्हणाला.

मला आधी त्याच्या बोलण्याचा अर्थच लागेना. लागला तेव्हा मी स्टूलवर बसले, कारण उभी राहिले असते तर सलाइनसकट त्याला हलवलं असतं.

"तुला ठाऊक होतं?"

"शिट्टीनं पाहिलं होतं. मला न्यायला आली त्या दिवशी आई बाटली भरत होती ना, तेव्हा. वर पोचल्यावर तिनं ती बाटली ओतून दिली आणि मला सांगितलं. तिथलं पाणी तिनं एकदाही न उकळता मला दिलं नाही, ताई. मी म्हटलं, घरी गेलो की आईला सांगतो."

"मग?"

"सांगणार होतो. पण आल्या आल्या आई पेला घेऊन उभी राहिली. मग आजारी पडलो. शिट्टी फोन करून विचारायची, सांगितलंस का. मी सांगायचो, हो, सांगितलं."

"आणि पीत राहिलास! अरे गाढवा, ती किडनी माझी आहे! दिलेली वस्तू परत मागायची नसते, पण गटारात टाकायचीही नसते!" पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून बघायला लागला. मला रडू येत होतं आणि रागही आवरत नव्हता.

"तू कामावर जायचीस, ताई," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "बाबांच्या वेळी दुपारभर घरी मी असायचो. ते हात जोडायचे आईपुढे, पाण्यासाठी. ती पेला पाठीमागे लपवायची आणि मग मोरीत जाऊन रडायची. आता ती पेला पुढे करते, तो कसा सारू बाजूला? आणि वरून सांगू, की तुझ्या पाण्यानंच मी इथे आलो?"

त्याला जे बघावं लागलं होतं ते मी बघितलेलं नव्हतं. मी फक्त दारात उभी राहून किती झालं ते विचारलं होतं.

तिथून मी तडक शाळेत गेले. शिट्टी मैदानावर मुलांना रांगेत उभं करत होती. मला बघून तिनं शिट्टी फुंकली, मुलं पांगली आणि ती तिथेच उभी राहिली, जणू आणखी बोलणी खायची तयारी करून.

"त्या दिवशी बोलली का नाहीस?" मी विचारलं. माफी मागायला आले होते आणि आवाज असा, की पुन्हा भांडायलाच आलेय.

"आई शेजारीच बसल्या होत्या, ताई. त्या रडत होत्या. त्यांच्यासमोर काय सांगणार होते मी?" मग तिनं विचारलं, "पुन्हा झालंय का त्याला? तो मला म्हणाला होता, आईंना सांगितलंय." "झालंय. आणि आईला त्यानं सांगितलेलंच नाही," मी म्हटलं. तिनं गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली. "मीच सांगायला हवं होतं. तुम्ही दार लावलंत तरी."

"चूप," मी म्हटलं. "आता तरी सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. उद्या सकाळी हॉस्पिटलात ये. मी बोलावतेय."

घरी येईपर्यंत मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते. पाण्याचा पाइप खराब आहे म्हणावं. पिंपच बदलू म्हणावं. फडकं गुपचूप फेकून द्यावं आणि उद्यापासून पाणी मीच भरते म्हणावं. पण मग आईच्या लेखी दोष शिट्टीचाच राहिला असता. आणि आज हे फडकं फेकलं तरी उद्या दुसरं निघालं असतं. या घरात सगळ्यांनी एकमेकांना इतकं जपलं होतं, की ज्याला जपायचं तोच सलाइन लावून पडला होता.

आई ओट्याशी होती. मी फडकं नळावरून काढलं आणि ओट्यावर ठेवलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"आई, यातून जातंय ते. उकळल्यावर गाळू नकोस."

"अगं, पण पाणी उकळलेलं असतं."

"पाणी उकळलेलं असतं. फडकं नसतं. ते तू कच्च्या पाण्यात भिजवतेस."

ती फडक्याकडे बघत राहिली. मग तिनं ते उचलून नाकाशी नेलं, परत ठेवलं. तिच्या डोक्यात काय काय फिरतंय ते मला दिसत होतं: डोंगर, पहिलं आजारपण, दुसरं, आणि मधले सगळे पेले.

"आणि ती मुलगी? ती म्हणाली ना, माझं चुकलं म्हणून?"

"तुला कळू नये म्हणून म्हणाली."

आईनं पदरात वगैरे तोंड लपवलं नाही. ती ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांना पाणी दिलं नाही, म्हणून जळत राहिले मी. याला दिलं, तर हे."

मी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी ताठ होती. मला वाटलं होतं ती रडेल, पण त्या दिवशी ती रडली नाही आणि जेवलीही नाही.

सकाळी मी उठले तेव्हा पातेलं गॅसवर खळखळत होतं. आईनं धाकट्याची बाटली उकळत्या पाण्यानं धुतली, बुचही धुतलं. पाणी झाकून निवू दिलं आणि पातेल्यातून सरळ बाटलीत ओतलं. बाटलीत पांढरा चुरा गोल गोल फिरत होता. तिनं बूच घट्ट लावलं.

"ती यायचीय ना आज?"

"बोलावलंय मी."

"मग ही तिच्याकडे दे. तिच्या हातनं पिऊ दे."

"तू दे ना, आई. आता पाणी चांगलं आहे."

"नको," ती म्हणाली. "माझा हात पुढे होत नाही."

हॉस्पिटलात ती वॉर्डच्या आत आलीच नाही. त्याच बाकावर बसली. शिट्टी आली, आईसमोर क्षणभर घोटाळली. आईनं वर न बघता पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये बोलले नाही.

आत धाकट्यानं शिट्टीच्या हातून बाटली घेतली. सवयीनं खिडकीच्या उजेडात धरली. चुरा हळूहळू खाली बसत होता. तो बघत राहिला आणि त्याला कळलं की मी आईला सांगितलंय. त्यानं दाराकडे पाहिलं. मग बूच काढलं आणि न थांबता पीत सुटला, इतका की शिट्टीला म्हणावं लागलं, "अरे, हळू."

मी बाहेर आले. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, नजर समोरच्या भिंतीवर.

"प्यायला?" तिनं विचारलं.

"प्यायला."

"किती?"

"पोटभर, आई," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठे ती रडायला लागली.